तारा कुणाच्या नावावर

शिरूरला आमच्या वॉर्डात विहाराकडे वळताना विजेचा खांब आहे. त्या खांबावर माझ्या थोरल्या दिरांचा फ्लेक्स लागला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हात जोडलेले, मागे निळं आकाश आणि त्यात कड्यांसकट शनी. शनीचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, पण फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात आकाशातलं तेवढंच चित्र होतं. वर मोठ्या अक्षरांत 'नवीन ताऱ्याचे संशोधक' आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. मी रोज त्याच्याखालून कामाला जायचे आणि रोज मनातल्या मनात त्या चष्म्यावर थुंकायचे. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? तो तारा ज्या कॉम्प्युटरवर सापडला त्याला या कामाला मी जुंपलं होतं, आणि तो काय शोधतोय हे त्या घरात मला एकटीला कळत होतं.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे माझा राग उगीचचा वाटणार नाही.

माझं माहेर दौंडचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. मी दौंडच्याच कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. लग्नाच्या बैठकीत आप्पांनी एकच अट घातली, पोरगी एम.एस्सी. करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात मोठ्यानं बोलले ते भाऊजी, म्हणजे हेच थोरले दीर. "आमच्यात शिक्षणाला कोण न्हाई म्हनतंय, आप्पा? शिकंल की."

लग्नानंतर नवरा रांजणगावच्या कंपनीत, आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टला. आणि मी एसटी स्टँडजवळच्या भाऊजींच्या सेवा केंद्रात. सातबारा, जातीचे दाखले, परीक्षांचे अर्ज, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे अंगठे. भाऊजी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून लोकांना "हून जाईल काम" म्हणायचे, आणि ते काम मी करायचे. ओटीपी त्यांच्या फोनवर, शिक्का त्यांचा, पाटीवर नाव त्यांचं. मी छापून दिलेल्या कागदावर ते न वाचता सही ठोकायचे. प्रवेशाचे दिवस आले की मी विषय काढायचे आणि दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "आन् सेंटर कोन बघनार?"

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मला हाक मारायची तर "ऐक गं." गिऱ्हाइकाला सांगायचं तर "ती बघंल." आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीचं नाव घेत नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या जागी कपाट असतं तरी त्यांनी त्याचं नाव घेतलं असतं, असं मला वाटायचं.

आता ताऱ्याचं. पल्सर म्हटलं की आमच्याकडे मोटारसायकल डोळ्यांपुढे येते, म्हणून नीट सांगते. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा जो गाभा मागे उरतो तो एवढासा असतो की शिरूर ते रांजणगाव या टापूत मावेल, पण वजनाला सूर्यापेक्षा भारी. आणि तो फिरतो, एका सेकंदात कित्येकदा. त्याचं जबरदस्त चुंबकत्वही त्याच्याबरोबर गरगरतं. जाळायला त्याच्याकडे इंधन उरलेलं नसतं. त्यातून जे गॅमा किरण बाहेर पडतात ते सगळे या फिरण्याच्या जिवावर. त्यापायी त्याची गती झिजत जाते आणि तारा हळूहळू मंदावतो.

कॉलेजात मॅडमनी हे शिकवलं तेव्हा मी घरी येऊन आप्पांना सांगितलं होतं. म्हटलं, चुंबकाच्या रेषा ताऱ्याबरोबर फिरतात, पण जितकं लांब जावं तितकं त्यांना जोरानं पळावं लागतं. एका अंतरावर तर प्रकाशाच्या वेगानं पळावं लागेल, आणि त्याहून जास्त कुणालाच पळता येत नाही. आप्पा सुपारी कातरत होते. म्हणाले, "म्हंजी मळणीचा भायेरचा बैल." लहानपणी ते दुसऱ्यांच्या खळ्यावर बैल हाकायला जायचे. मधे तिवडा रोवलेला असतो, त्या खांबाला ओळीनं बैल बांधलेले असतात. आतला बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि बाहेरच्याला पळापळ होते. "लई ताणलं तर दावंच तुटतं," आप्पा म्हणाले.

ताऱ्याचंही तसंच होतं. त्या काठापाशी रेषांना परत फिरून येता येत नाही, त्या मोकळ्या सुटतात, आणि तिथूनच, त्या काठाच्या आसपास, गॅमा किरण निघतात. इतक्या लांबून निघतात म्हणून त्यांचा झोत आकाशाचा मोठा पट्टा झाडत जातो. रेडिओ लहरी मात्र खाली ताऱ्याच्या चुंबकी ध्रुवावरून अरुंद झोतात सुटतात. तो झोत पृथ्वीवरून गेलाच नाही तर कितीही मोठ्या रेडिओ दुर्बिणीला त्या ताऱ्याचा पत्ता लागत नाही. असा तारा सापडला तर गॅमा किरणांतच.

सासरी बाहेरचा बैल कोण होतं हे वेगळं सांगायला नको.

असे मुके तारे शोधायला शास्त्रज्ञांचा एक प्रकल्प आहे. अवकाशातल्या दुर्बिणीनं जमवलेली माहिती ते जगभरातल्या साध्या लोकांच्या कॉम्प्युटरांना वाटून देतात, आणि कॉम्प्युटर रिकामा असला की तो हिशेब करत बसतो. सेंटरमधला कोपऱ्यातला कॉम्प्युटर सर्व्हर डाऊन असला की रिकामाच असायचा, आणि सर्व्हर तर अर्धा वेळ डाऊनच. मी त्याच्यावर ते लावलं. नोंदणीला ईमेल सेंटरचा दिला, कारण आमच्याकडे दुसरा ईमेलच नव्हता. सेंटरमध्ये जे काही नोंदवायचं ते त्याच ईमेलवर, ही हाताची सवय होती.

आपल्याला एम.एस्सी. मिळाली नाही, पण तो कोपरा तरी आपला आहे, असं मी स्वतःशी म्हणायचे. दाखल्यांच्या गर्दीत मधेच त्या स्क्रीनकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं.

मग एक दिवस मेल आला. भाऊजींच्या फोनवरही तो वाजला, म्हणून ते टपरीवरून उठून आत आले. "ऐक गं, ह्ये काय इंग्रजी आलंय?" मी वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्या कॉम्प्युटरनं एक नवा पल्सर पकडला होता. रेडिओत गप्प, फक्त गॅमा किरणांत दिसणारा. शास्त्रज्ञांनी आभार मानले होते आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता, शोधनिबंधात आम्ही आपलं नाव कसं लिहू?

मी आनंदाच्या भरात सगळं मराठीत सांगून टाकलं. तीच चूक झाली. समोर बाकावर दाखल्याला आलेली चारपाच माणसं बसली होती. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. म्हणाले, "टाक माझं नाव."

मी म्हटलं, "भाऊजी, हे मी लावलं होतं."

"कॉम्प्युटर कुनाचा? लाईट कुनाची? नेट कुनाचं?" ते शांतपणे म्हणाले. बाकावरच्या एकानं मान हलवली. "मंग नाव कुनाचं येनार? टाक."

आणि मी टाकलं. स्पेलिंगसुद्धा विचारून घेतलं. माझ्याच बोटांनी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. 'पाठवा' दाबलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तोंडानं मी पुढच्या माणसाला विचारत होते, "आधार कार्ड आणलंय का?"

नवऱ्याला सांगितलं. तो शिफ्टवरून आला होता, जेवत होता. म्हणाला, "जाऊ दे ना. घरातच राह्यलं ना नाव." त्याच्या ताटात मी भाकरी वाढली नाही, त्याची त्यानं घेतली.

शास्त्रज्ञांना दुसरा मेल लिहून खरं सांगता आलं असतं. कितीदा तरी मनात आलं. पण परदेशातल्या कुणीतरी माझं नाव छापून मला काय मिळणार होतं? मला ते ज्यानं घेतलं त्याच्याकडून परत हवं होतं. त्याच्याच तोंडून, आणि वॉर्डासमोर.

एप्रिलमध्ये जयंती आली. मिरवणुकीआधी संध्याकाळी विहारासमोरच्या मांडवात गुणवंतांचे सत्कार असतात. त्या वर्षी पहिला सत्कार भाऊजींचा ठरला. जयंतीच्या ज्या मंचांवरून गावोगाव आम्हाला लहानपणापासून शिका म्हणून सांगितलं गेलं, तसल्याच मंचावर. आदल्या आठवड्यात भाऊजी सेंटरमध्ये येऊन म्हणाले, "ऐक गं, भाषन लिवून दी. धा मिंटाचं. सोप्पं कर."

माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू. तारा शनीच्या कड्याला टांगलेला आहे, असं लिहून द्यावं. तो रॉकेलवर चालतो असं लिहावं. भाऊजींनी तेही खणखणीत आवाजात वाचलं असतं. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि माझा सूड वाया गेला असता. म्हणून मी भाषण चोख लिहिलं. मेलेला तारा, शिरूर ते रांजणगाव, बाहेरचा बैल, रुंद झोत आणि अरुंद झोत, सगळं. गाळली ती एकच गोष्ट. हा तारा फिरतो हे कळलं कसं, त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

कारण मला आमचे गुरुजी ठाऊक होते. निवृत्त शिक्षक, विहाराच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. वक्ता कुणीही असो, भाषण संपलं की ते उभे राहून एक प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय बसत नाहीत. संयोजक त्यांना टरकून असतात. मी त्यांच्यासाठी भोक ठेवलं होतं.

भाऊजींना फेटा बांधला, शाल घातली. भाषण त्यांनी छान केलं, हे मान्य करायला हवं. बाहेरच्या बैलाला म्हाताऱ्या माणसांनी मनापासून दाद दिली. आप्पा दौंडहून आले होते. स्वतःचं वाक्य भाऊजींच्या तोंडून ऐकताना ते जमिनीकडे बघत बसले होते. ते बघून माझ्या मनात दयामाया म्हणून काही उरली असेल तर तीही गेली.

टाळ्या थांबल्या आणि गुरुजी उठले. "अभिनंदन. माझी एक शंका आहे. आपण म्हणालात, हा तारा डोळ्यांना दिसत नाही. रेडिओतही त्याचा आवाज नाही. मग तो फिरतो हे कशावरून? आणि अमुक वेगानं फिरतो हे तर कशावरून?"

भाऊजींनी कागद उलटा केला. पाठ कोरी होती. त्यांनी घसा साफ केला, माईकवर बोटानं टकटक केलं. आणि मग ते तेच करायला लागले जे ते सेंटरमध्ये कुठलंही गिऱ्हाईक अडलं की करायचे. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मी बसले होते. ते बघताहेत म्हणून मंचावरचे सगळे बघायला लागले. मंचावरचे बघताहेत म्हणून मांडवानं माना वळवल्या. भाऊजींनी तोंडानं काहीही कबूल केलं नव्हतं. पण तारा कुणाचा हे त्या घडीला अख्ख्या वॉर्डाला कळलं.

मागून एक आबा म्हणाले, "आरं त्यांच्या घरच्या सूनबाईला इचारा की. सारखं तिच्याकडंच बघून ऱ्हायल्यात." कुणीतरी हसलं. एका पोरीनं माईक माझ्या हातात आणून दिला.

उत्तर माझ्याकडे होतं. अगदी हातात होतं, कारण ते मी बांगडीवरून समजून घेतलं होतं. त्या ताऱ्याकडून गॅमा किरणांचे कण फार थोडे येतात. एक कण येतो, आणि दुसरा येईपर्यंत ताऱ्याच्या लाखो फेऱ्या होऊन जातात. लुकलुकणं असं दिसतच नाही. मग काय करायचं? समजा एक लांबच लांब दोरा आहे आणि कण जेव्हा जेव्हा आला तिथे तिथे त्यावर शाईचा ठिपका आहे. हा दोरा बांगडीभोवती गुंडाळायचा. बांगडी चुकीच्या मापाची असली तर ठिपके सगळीकडे विखुरतात. माप बरोबर ताऱ्याच्या एका फेरीएवढं असलं तर ठिपक्यांवर ठिपके पडतात आणि ढीग दिसायला लागतात, बऱ्याचदा दोन, कारण रुंद झोताच्या दोन कडा आपल्यावरून जातात. त्यात तारा मंदावतोय, म्हणजे बांगडी किंचित किंचित मोठी करत गुंडाळायची. किती मोठी, तेही ठाऊक नाही. अशा अगणित बांगड्या घालून बघायच्या, कॉम्प्युटर तेवढंच करत असतो. फिरणं आधी ओळखावं लागतं, तेव्हा कुठे उजेड दिसतो.

हे सगळं मी माईकवर बोलू शकले असते. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात होता, आप्पा समोर होते. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हटलं, "संशोधक भाऊजी आहेत. नाव त्यांचं आहे, मग उत्तरही त्यांनीच द्यायला हवं. मी काय सांगणार?"

आणि बसले. भाऊजींच्या फेट्याखालून घाम गळत होता. गुरुजी उभेच होते. शेवटी संयोजकांनी मिरवणूक निघायची वेळ झाली म्हणून बँड सुरू करायला लावला. मला इतकं समाधान वाटलं की घरी जाऊन मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्या दिवसापासून भाऊजींना वॉर्डात 'तारेवाले' नाव पडलं. टपरीवर बसले की कुणीतरी विचारणारच, "काय तारेवालं, फिरतंय का अजून?" गुरुजी तर भेटतील तिथे विचारायचे, आणि त्यांच्या विचारण्यात थट्टा नव्हती, म्हणून ते जास्त झोंबायचं. भाऊजी टपरी सोडून सेंटरमध्ये बसायला लागले. पावसाळ्याच्या तोंडाला, दुपारी गिऱ्हाईक नसताना, त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "ऐक गं. त्या गुर्जीचं उत्तर काय व्हतं?"

मी म्हटलं, "मला तरी कुठं पूर्ण ठाऊक आहे, भाऊजी? ते एम.एस्सी.ला शिकवतात."

हे अर्धं खरं होतं. त्यांनी टेबलावरचे अर्ज उगाच सारखे केले. मग म्हणाले, "अ‍ॅडमिशन कवा असती?"

मी सकाळच्या एसटीनं पुण्याला जायला लागले. सेंटर भाऊजींनी सांभाळलं. अंगठ्याच्या मशिनवर पेन्शनवाल्या आजीबाईंचा अंगठा उमटत नसला की ते किती वैतागतात ते नवरा मला सांगायचा, आणि मी त्याला पुन्हा सांगायला लावायचे. पहिलं वर्ष संपलं तेव्हा भाऊजींनी विचारलं, "आला का त्यो धडा?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षाला आहे." शोधनिबंध त्याच काळात छापून आला. आभाराच्या ओळीत त्यांचं नाव आहे, मी टाईप केलं तसंच. मी ते लायब्ररीत वाचलं आणि माझा राग होता तसाच ताजा झाला.

निकाल लागला. भाऊजी पेढे घेऊन आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "आता तरी सांग."

"सांगते," मी म्हटलं. "पण इथं नाही. जयंतीला, मंचावर. गुरुजी समोर असताना. तुम्ही माईकवरून सांगायचं, उत्तर कोण देणार ते. माझं नाव घेऊन. मार्कशीटवर आहे तसं, माझं, आप्पांचं आणि माहेरचं आडनाव."

"तसं आपल्यात घेत न्हाईत," ते म्हणाले.

"मग राहू दे."

त्यांनी हो म्हणायला पुढची जयंती उजाडली. मांडव तोच, गुरुजी पहिल्या रांगेत, आप्पा त्यांच्या शेजारी. मी मुद्दाम त्याच तिसऱ्या रांगेत बसले. भाऊजी मंचावर गेले. या वेळी फेटा नव्हता. त्यांनी माईक हातात घेतला, खाली मान घालून आधी गुरुजींचा प्रश्न सांगितला, आणि मग म्हणाले, "ह्येचं उत्तर, ज्यांनी त्यो तारा शोधला, त्या देतील." आणि त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, आप्पांचं, आडनाव. भोंग्यातून ते विहाराच्या पलीकडे, त्या खांबापर्यंत गेलं असेल.

शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. "अगं, जा की."

मी मनगटातली एक बांगडी काढून मुठीत धरली होती, पण जागची हलले नाही.

"ऐकू नाही आलं," मी मोठ्यानं म्हटलं.

मांडवानं पुन्हा माना वळवल्या. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, माईक तोंडाजवळ नेला आणि पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण नाव घेतलं. मग मी उठले.